चौघं जण, एक सेमिस्टर आणि एक वाटी: लहानपणावर छोटा गेम कसा करायचा

लहानपणावर व्हिडिओ गेम करायचा ठरलं की पहिल्या मीटिंगला काय होतं ते आधीच सांगून ठेवते. चहा येतो, कोणी म्हणतं विटीदांडू, कोणी म्हणतं लगोरी, मग आजोळ, विहीर, पत्र्यावरचा पाऊस, कोणाचा तरी कुत्रा, आणि दोन तासांनी सगळे भावुक होऊन आपापल्या रूमवर जातात आणि वहीत काहीच लिहिलेलं नसतं. आमचं असं तीन वेळा झालं. फायनल इयरचा प्रोजेक्ट, आम्ही चौघं, हातात एक सेमिस्टर, म्हणजे कागदावर सोळा आठवडे आणि त्यातून सबमिशन्स, ओरल, गणपती आणि दिवाळी वजा केली की उरले दहा. त्या दहा आठवड्यांत बारा मिनिटांचा गेम झाला. तो कसा झाला आणि कुठे आपटलो ते लिहितेय, तुमच्या टीमला उपयोग होईल.

आठवण नको, वस्तू आणा

चौथ्या मीटिंगला नियम केला की आठवण सांगायची नाही, लहानपणी हातात असायची अशी एक वस्तू सांगायची आणि तिचं तुम्ही नक्की काय करायचात ते सांगायचं. एकाने रॉकेलचा कॅन सांगितला, रांगेत आपल्या जागी तो ठेवून पळून जायचं. एकीने गळ्यातली घराची किल्ली. एकाने टेप गुंडाळलेला बॉल. मी म्हटलं स्टीलची वाटी. आम्ही वाड्यात राहायचो, साखर संपली की आई वाटी देऊन शेजारी पाठवायची, आणि वाटी परत करताना रिकामी द्यायची नाही, काहीतरी घालूनच द्यायची, हा नियम तुमच्याही घरी असेल. हे सांगून होतंय तोवर आमचा प्रोग्रामर म्हणाला, अगं हा तर गेम मेकॅनिक आहे, म्हणजे ज्या नियमावर गेम चालतो तो.

आणि खरंच होता. विहिरीची आठवण सुंदर असते पण त्यात प्लेअरने करायचं काय? वाटीत नियम आहे, नियम मोडायचा मोह आहे, आणि नियम पाळता येत नाही अशी वेळ येऊ शकते. लहानपण असल्या नियमांनी भरलेलं असतं. राज्य कोणावर, टाइम प्लीज म्हटलं की पकडायचं नाही, लिंबूटिंबूला आउट करायचं नाही. असला एक नियम शोधा, गोष्ट त्याच्या मागे आपोआप येते. आमच्या पॉज बटणावर आम्ही नंतर टाइम प्लीज असंच लिहिलं, गेममधल्या सगळ्यात जास्त कॉम्प्लिमेंट्स त्या बटणाला मिळाल्या, थोडं वाईटच वाटलं.

एक नियम घेतला की क्रियाही एकच ठेवा. आम्ही धावणं, उडी, बॅग, नकाशा, सगळं काढून टाकलं. चालायचं, वाटी द्यायची, वाटी घ्यायची. एवढ्यावर गेम उभा राहतो का अशी शंका येईल, तर २०२३ साली आलेला वेन्बा हा गेम बघा, कॅनडात गेलेल्या तमिळ कुटुंबाची कितीतरी वर्षांची गोष्ट आहे आणि प्लेअर मुख्यतः करतो काय, तर स्वयंपाक. आणि विद्यार्थ्यांचंच उदाहरण हवं असेल तर अमेरिकेतल्या डिजिपेन कॉलेजच्या मुलांनी २००५ मध्ये नार्बॅक्युलर ड्रॉप नावाचा गेम केला, त्यातली युक्ती एकच, भिंतीवर दोन दारं उघडायची, एकातून आत दुसऱ्यातून बाहेर. व्हॉल्व ह्या गेम कंपनीने ती टीमच कामावर घेतली आणि २००७ मध्ये त्याच युक्तीवरचा पोर्टल हा गेम आला. तुमच्या बाबतीत असं होईल असं म्हणत नाहीये, पण त्या मुलांनी जे केलं नाही ते बघा, त्यांनी ओपन वर्ल्ड, म्हणजे कुठेही फिरता येईल असं अख्खं जग, केलं नाही.

पोराला अर्धंच कळतं

सगळ्यात जास्त वेळ आम्ही ह्या भागावर घालवला आणि माझ्या मते गेम इथेच बनतो किंवा बिघडतो. आमच्या पहिल्या ड्राफ्टमधली सात वर्षांची मुलगी असं बोलायची जणू ती पंचवीस वर्षांची आहे आणि डायरी लिहितेय, "त्या संध्याकाळी मला कळलं की" वगैरे. मीच लिहिलं होतं ते. वाचून दाखवलं तेव्हा सगळे गप्प, आणि गप्प म्हणजे चांगल्या अर्थाने नाही.

मग ठरवलं की मुलीला फक्त दिसतं, कळत नाही. कळायचं काम प्लेअरचं. आमच्या गोष्टीत वडिलांचं काम सुटलंय, पण हे वाक्य गेममध्ये कुठेच नाही. मुलीला एवढंच दिसतं की बाबा दुपारी घरी असतात म्हणजे मज्जा, आणि आई आजकाल वाटी घेऊन जास्त वेळा पाठवते. पहिल्या दिवशी परतीच्या वाटीत लाडू असतो, मग शेंगदाणे, मग परसातला कढीपत्ता, आणि शेवटच्या दिवशी आई वाटी पुसते, पुन्हा पुसते, आणि मग देते. मुलगी म्हणते, आई, ह्यात काही नाहीये. एवढंच. प्लेअरला कळतं, तिला नाही, आणि रिकामी वाटी घेऊन वाडा ओलांडताना प्लेअरचाच हात जड होतो. तुमची गोष्ट वेगळी असेल पण टेस्ट हीच लावा, प्रत्येक संवादाला विचारा की ह्यातलं पोराला किती माहितीये, आणि त्याहून जास्त लिहिलं असेल तर खोडा.

वडिलांचा धागा आमच्यातल्या एकाच्या घरचा होता. त्याने स्वतःच दिला, पण सहाव्या आठवड्यात तो सीन चालू झाला की तो उठून बाहेर जायला लागला, आम्हाला आधी लक्षातच आलं नाही, वाटलं फोन येतोय. मग बसून बोललो, जागा बदलली, नोकरी बदलली, त्याच्या बाबांची एक सवय होती ती काढली. म्हणून हे पहिल्याच दिवशी ठरवून टाका, ज्याची आठवण आहे तो ती कधीही परत घेऊ शकतो, कारण न देता, शेवटच्या आठवड्यातसुद्धा. आणि खऱ्या शेजाऱ्यांची नावं वापरू नका, गाव छोटं असतं.

फांद्या कमी, आठवण जास्त

चॉइसेसचं गणित एकदा करून बघा म्हणजे हौस फिटेल. पाच ठिकाणी दोन-दोन पर्याय आणि प्रत्येकाची वेगळी फांदी, की बत्तीस शेवट लिहावे लागतात. चौघांच्या टीमला जमत नाही, जमू नये. त्याऐवजी गोष्ट सरळ ठेवा आणि गेमला लक्षात ठेवू द्या. आमच्याकडे वाड्यात चार घरं आणि वाटीत पाच शक्यता, साखर, लाडू, शेंगदाणे, कढीपत्ता, रिकामी. चार गुणिले पाच, वीस छोटे संवाद, कुठल्या घरी काय घेऊन गेलात त्यावर उत्तर बदलतं. लिहायला दोन आठवडे लागले, आणि प्लेअरला वाटतं केवढा मोठा गेम आहे.

हे सगळं आधी ट्वाइनमध्ये, म्हणजे शब्द आणि लिंकांचा गेम करायच्या टूलमध्ये, करा. ट्वाइन फुकट आहे, ब्राउझरमध्ये चालतं, कोडिंग जवळजवळ लागत नाही, आणि ब्राउझर असल्यामुळे मराठी अक्षरं बरोबर दिसतात. चित्र नाही, आवाज नाही, नुसते शब्द आणि लिंका. तिथे गोष्ट कंटाळवाणी वाटली तर चित्रं काढून ती सुधारणार नाहीये. आम्ही तिसऱ्या आठवड्यात ट्वाइनचं व्हर्जन दहा जणांना पाठवलं, चौघांनी अर्ध्यात सोडलं, आणि त्या चौघांनीही एकाच जागी सोडलं होतं. तो सीन उडवला. चित्रं काढून झाल्यावर उडवायला जीव झाला नसता.

इंजिन, आणि देवनागरीची मारामारी

इंजिन म्हणजे गेम ज्यात बनवतात ते सॉफ्टवेअर. व्हिज्युअल नॉव्हेल, म्हणजे चित्रं बघत संवाद वाचायची गोष्ट, करायची असेल तर रेनपाय हे इंजिन पुरे. आम्हाला पात्र चालवायचं होतं म्हणून गोडो घेतलं, फुकट आहे, ओपन सोर्स आहे, कॉलेजच्या लॅबमधल्या म्हाताऱ्या मशीनवरपण उघडतं. संवादांसाठी डायलॉजिक किंवा डायलॉग मॅनेजर असे तयार ॲडऑन, म्हणजे इंजिनला जोडायचे जादा तुकडे, मिळतात, स्वतःची डायलॉग सिस्टीम लिहायला बसू नका, आमच्या प्रोग्रामरने नऊ दिवस घालवले आणि शेवटी ॲडऑनच घेतला. आणि कोड जीडीस्क्रिप्टमध्येच, म्हणजे गोडोच्या स्वतःच्या भाषेत, लिहा. सी शार्प ही दुसरी भाषा येत असेल तरी मोह आवरा, कारण गोडो ४ मध्ये सी शार्पचा प्रोजेक्ट सध्या तरी वेबवर एक्सपोर्ट होत नाही, म्हणजे ब्राउझरमध्ये चालेल असा काढता येत नाही, आणि तुमचा गेम लोक खेळणार आहेत तो ब्राउझरमध्येच.

आता मराठी अक्षरं. ह्यावर कोणी काही लिहीत नाही म्हणून जरा सविस्तर सांगते. देवनागरीत अक्षरं एकमेकांना चिकटतात, ऱ्हस्व वेलांटी टाइप नंतर होते पण दिसते आधी, त्यामुळे इंजिनला टेक्स्ट शेपिंग, म्हणजे अक्षरं जुळवून बरोबर जागी बसवणं, यावं लागतं. युनिटी ह्या दुसऱ्या इंजिनच्या टेक्स्टमेशप्रोमध्ये देवनागरी सरळ टाकली की वेलांटी भलत्याच जागी जाऊन बसते आणि जोडाक्षरं सुटी पडतात. गोडो ३ मध्येही हीच रड होती. गोडो ४ मध्ये हे नीट होतं, म्हणून चारच्या खालचं व्हर्जन घेऊच नका.

पण नीट म्हणजे पूर्ण नीट नाही. एक-एक अक्षर टाइप होत येतं तो टाइपरायटर इफेक्ट सगळ्यांना हवा असतो, आम्हालाही हवा होता. लावला आणि "क्षण" हा शब्द आधी क, मग पाय मोडका क, मग अचानक क्ष, असा नाचत यायला लागला, सगळी ओळ थरथरतेय असं वाटायचं. ह्याचा उपाय एका सेटिंगमध्ये आहे, लेबल म्हणजे मजकुराची चौकट, तिच्या व्हिजिबल कॅरेक्टर्स बिहेवियरमध्ये कॅरेक्टर्स आफ्टर शेपिंग निवडायचं, म्हणजे आधी पूर्ण शब्द जुळतो आणि मग उघडत जातो. हे सापडायला आम्हाला चार दिवस लागले, तुम्हाला फुकट.

दुसरा खड्डा फाँटचा. लॅपटॉपवर सगळं छान दिसत होतं, ब्राउझरसाठी काढलेला वेब बिल्ड उघडला तर मराठीच्या जागी नुसते चौकोन. कारण असं की लॅपटॉपवर गोडो सिस्टीममधला देवनागरी फाँट गुपचूप उचलत होतं, ब्राउझरमध्ये तो नसतो. फाँटची फाइल प्रोजेक्टमध्ये टाकून थीमला, म्हणजे गेमच्या दिसण्याच्या सेटिंगला, लावावीच लागते. गूगल फाँट्सवर मुक्त, बालू, नोटो सान्स देवनागरी, सगळे मोकळ्या लायसन्सचे आहेत, गेममध्ये बिनधास्त वापरा. दोन ओळींमधलं अंतर इंग्लिशपेक्षा जास्त ठेवा नाहीतर वरचे अनुस्वार आणि खालचे उकार एकमेकांत घुसतात. काही फाँटमध्ये मराठी वळणाचे ल आणि श आत दडलेले असतात, पण लेबलची भाषा मराठी केली तरच ते बाहेर येतात. आणि "दुसऱ्या", "पायऱ्या" हे शब्द टाइप करताना तो आडवा र नीट येतोय ना ते बघा, अर्ध्या मराठी वेबवर तो चुकलेला असतो, तुमच्या गेममध्ये नको.

संवाद पहिल्यापासून एका सीएसव्ही फाइलमध्ये, म्हणजे साध्या तक्त्यात, ठेवा, कोडमध्ये विखरून टाकू नका. पुढे इंग्लिश सबटायटल करायची वेळ येतेच, तेव्हा नुसती एक कॉलम वाढते. पण आधी इंग्लिश लिहून मग मराठी करायचं असं मात्र करू नका, लगेच ओळखू येतं. आमच्या मित्राने एका पात्राला "मी तुझ्यासाठी आहे इथे" असं बोलायला लावलं होतं, वाड्यातल्या कुठल्या काकू असं बोलतात? त्या म्हणतात, जेवलीस का.

चित्रं: कंबरेच्या उंचीवरून

फोन स्वतःच्या कंबरेशी धरा आणि घरभर फिरून व्हिडिओ काढा. ओट्याची कड, टेबलाखालची बाजू, दाराची कडी केवढी वर आहे, हे सगळं एकदम दिसायला लागतं. आमच्या आर्टिस्टने त्यावरून ठरवलं की मोठ्या माणसांचे चेहरे दाखवायचेच नाहीत, फ्रेम खांद्यापाशी कापायची, दिसणार हात, पदर, बांगड्या, चपला. गोष्टीलाही बरं, आणि आठ पात्रांचे रागावलेले, हसरे, रडके असे सगळे चेहरे काढायचं कामही वाचलं. वाचवण्याची दुसरी युक्ती म्हणजे लाइट घालवणे. आमच्या गेममध्ये रोज संध्याकाळी लोडशेडिंग असतं, मुलीच्या हातात मेणबत्ती, उजेडात येईल तेवढंच काढायचं, बाकी काळं. आळशीपणा म्हणा हवं तर, पण सरांना तो सौंदर्यदृष्टी म्हणून आवडला.

बिस्किटाचे पुडे, साबण, कॅलेंडर, खऱ्या ब्रँडचे काढू नका, स्वतःचे बनवा, त्यात मजाही जास्त येते.

आवाज फोनवर रेकॉर्ड करा, ऑडॅसिटी ह्या सॉफ्टवेअरमध्ये साफ करा. कुकरची शिट्टी, वाटी फरशीवर पडल्याचा आवाज, कोणीतरी दूरवर बादली ओढतंय. फक्त मागे कोणाचा टीव्ही चालू नाही ना ते बघा, आमच्या सगळ्यात छान रेकॉर्डिंगमध्ये मागे सिनेमाचं गाणं वाजत होतं, हक्क कोणाचे तर आपले नक्कीच नाहीत, फेकून द्यावं लागलं. फ्रीसाउंड ह्या साइटवरून आवाज घेतले तर प्रत्येकाचं लायसन्स त्याच दिवशी एका शीटमध्ये लिहा, कुठे नाव द्यावं लागतं, कुठे पैसे कमवायला मनाई असते, शेवटी शोधत बसलं तर सापडत नाही. आजीचा आवाज घेतला असेल तर तो कुठे जाणार ते तिला सांगा. आमच्या एकाच्या आजीला वाटलं रेडिओवर येणार, तिने आठवडाभर रेडिओ लावून ठेवला होता.

टीमचं म्हणाल तर

भांडणं होणार. कमी व्हावीत म्हणून दोन गोष्टी. गिट, म्हणजे फाइल्समधले सगळे बदल जपून ठेवणारं टूल, शिका, सगळ्यांनी, आर्टिस्टनेसुद्धा, आणि एक सीन एका वेळी एकाच माणसाकडे, कारण गोडोच्या सीन फाइलमध्ये दोघांनी एकदम हात घातला की ती मर्ज करणं, दोघांचे बदल एकत्र जुळवणं, म्हणजे गुंता झालेली लोकर. मोठ्या लेयरवाल्या चित्रांच्या फाइल्स गिटमध्ये टाकू नका, गिटहब ही गिटचे प्रोजेक्ट ऑनलाइन ठेवायची साइट १०० एमबीच्या वरची फाइल घेतच नाही, त्या ड्राइव्हवर ठेवा.

दुसरं, कागदावर एक पान लिहा, कोणाचं नाव क्रेडिटमध्ये कसं येणार, उद्या गेम विकला तर पैसे कसे वाटायचे, कोणी मध्येच सोडून गेलं तर त्याच्या कामाचं काय. आणि कॉलेजचे नियमही वाचा, प्रोजेक्टच्या कामावर हक्क कोणाचा असं कुठेतरी लिहिलेलं असू शकतं. आमचा साउंडवाला सेमिस्टरच्या अकराव्या आठवड्यात इंटर्नशिपला गेला. राग आला होता, पण कागद होता म्हणून मैत्री टिकली.

खेळायला द्या आणि तोंड बंद ठेवा

टेस्टिंगला गेमर मित्र नकोत, किंवा फक्त तेच नकोत. माझ्या मावशीला दिला, तिने माउस उचलून विचारलं आता काय करू, आणि मला समजलं की आमची पहिली पाच मिनिटं फक्त गेमर लोकांसाठी होती. शेजारी बसा, वहीत लिहा, मदत करू नका. हे फार अवघड आहे, जीभ चावून बसावं लागतं.

आमच्या गेममधली सगळ्यात चांगली गोष्ट आमची नाहीच. माझा नऊ वर्षांचा मामेभाऊ साखरेची वाटी घेऊन निघाला आणि वाटीवर टॅप करायला लागला, दहा वेळा, वीस वेळा. म्हटलं काय करतोयस. म्हणाला, ताई, साखर खाता येत नाही का? आम्ही एकमेकांकडे बघत बसलो. तीन महिने लहानपणावर चर्चा केली आणि कोणाच्या डोक्यात आलं नाही की वाटेत साखर खाल्लीच जाते. दोन दिवसांत घातलं, टॅप केलं की बोट बुडतं, साखर कमी होते, आणि फार कमी झाली तर आई वाटीत बघते आणि काही बोलत नाही.

नवं काहीतरी घालायची ही शेवटची वेळ. त्यानंतर दोन आठवडे फक्त बग, म्हणजे चुका दुरुस्त करणं.

बाहेर काढताना

इच डॉट आयओ ह्या गेम टाकायच्या साइटवर पान उघडायला पैसे पडत नाहीत, स्टीम ह्या गेमच्या ऑनलाइन दुकानात एका गेमला १०० डॉलर भरावे लागतात, त्यामुळे पहिला गेम इचवरच. वेब एक्सपोर्ट करा, मुख्य फाइलचं नाव इंडेक्स डॉट एचटीएमएल हेच ठेवा, झिप करा, अपलोड करा, ब्राउझरमध्ये खेळता येईल ही खूण करा. गोडो ४.३ किंवा पुढचं असेल तर थ्रेड सपोर्ट बंद ठेवून एक्सपोर्ट करता येतं, जुनं असेल तर इचच्या सेटिंगमध्ये शेअर्ड ॲरे बफर चालू करावं लागतं नाहीतर गेम सुरूच होत नाही. कव्हरचं चित्र ६३० बाय ५०० पिक्सेल. वर्णन मराठीत लिहा आणि खाली दोन ओळी इंग्लिश. मग जानेवारीत ग्लोबल गेम जॅम, म्हणजे जगभर एकाच वेळी झटपट गेम बनवायचा मेळावा, असतो, तिथे जाऊन लोकांना दाखवा, आणि हिंमत असेल तर आयजीएफ, म्हणजे इंडिपेंडंट गेम्स फेस्टिव्हल ह्या स्पर्धेच्या स्टुडंट विभागात पाठवा.

अपलोड झाल्यावर वायफाय बंद करा आणि मोबाइल डेटावर, आईच्या फोनवर उघडून बघा. आमचा गेम १८० एमबी निघाला होता, कारण सगळे आवाज वेव्ह ह्या जड प्रकारच्या फाइलमध्ये होते. ऑग ह्या हलक्या प्रकारात बदलले, साठवर आला. आईने खेळला, शेवटच्या वाटीपाशी थांबली, आणि म्हणाली, मी पुसून नाही द्यायचे गं, मी त्यात निदान दोन तुळशीची पानं घालायचे. दुसऱ्या दिवशी व्हर्जन १.१ टाकलं.